बाळंतविडा आणि मजुरी

बाळंतविड्यात घरी विणलेलं काही नको, असं माझ्या विहीणबाईंनी मला स्पष्टच सांगितलं. सातव्या महिन्यात माझी लेक साताऱ्याला माहेरी आली. तिच्या डोहाळजेवणाला विहीणबाई सांगलीहून आल्या होत्या. पाहुणे पांगल्यावर आम्ही दोघी मागच्या खोलीत बसलो. माझ्या हातात सुया होत्या, त्यावरून विषय निघाला. पुढे तो फोनवर चालू राहिला, मग मी सांगलीला गेले तेव्हा विश्रामबागेतल्या त्यांच्या घरी. त्यांनी आयुष्यभर महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं, मी आयुष्यभर विणत आले. वाद बाळाच्या स्वेटरवरून सुरू झाला, पण तेवढ्यावर थांबला नाही. विणणाऱ्या आणि विणलेलं घेणाऱ्या सगळ्यांनाच त्यात विचार करण्यासारखं आहे असं दोघींनाही वाटलं, म्हणून तो इथं मांडते.

विहीणबाई: राग मानू नका. तुमच्या हाताला तोड नाही, ते मी लग्नातल्या रुखवतात पाहिलंय. पण ते रुखवत बघतानाच माझ्या पोटात कालवलं होतं.

मी: का हो? तोरण, ताटांवरचे रुमाल, टीव्हीवरचं आच्छादन, सगळं मी आणि लेकीनं हौसेनं केलं होतं.

विहीणबाई: तुम्ही हौसेनं केलंत. मला हौस आहे का, हे माझ्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. दहावीच्या सुट्टीत आईनं हातात क्रोशाची सुई दिली. मला वाचनालयात जायचं होतं. ‘रुखवतात मांडायला चार गोष्टी नकोत का’ म्हणून सुट्टीभर साखळ्या आणि खांब घालत बसले. लग्नात चार बायकांनी उलटसुलट करून पाहिलं, नावाजलं आणि ते सगळं ट्रंकेत गेलं. ज्यात माझी सुट्टी गेली ते पुढे कुणी वापरलंसुद्धा नाही.

यावर मी काही बोलले नाही, कारण त्या खरंच बोलत होत्या. रुखवतातला क्रोशा ही कितीतरी मुलींच्या हाताची परीक्षा असे. पास होण्यासाठी जे करावं लागतं त्यात गोडी लागणं कठीण. माझ्या वर्गातल्या अनेकींनी लग्नानंतर सुईला हात लावला नाही. त्यांच्यातल्या काही जणींचा हात माझ्याहून चांगला होता.

मी: माझं नेमकं उलट झालं. मला कुणी बसवलं नाही. दुपारची कामं आटोपली की आई पायरीवर विणत बसायची, मी तिच्या शेजारी. लोकर बोटावरून सरकते, सुई टाक्यात शिरते, दोरा ओढून आणते, जुना टाका उतरतो. एवढंच तर आहे. पण तेच पुन्हा पुन्हा करताना बोटांना कळायला लागतं की ताण कुठं जास्त झाला, कुठं सैल पडला. न बघता कळतं. मला ते फार आवडलं.

विहीणबाई: एवढ्यासाठी इतके तास?

मी: त्यासाठी आणि मोजण्यासाठी. टोपीचंच घ्या. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटीमीटर. वीण ताणते, म्हणून टोपी त्याहून लहान हवी. दहा नंबरच्या सुयांवर माझ्या हाताला दहा सेंटीमीटरला २४ टाके बसतात, म्हणून मी ७२ घालते. सुरुवात बारा नंबरवर, एक सुलटा एक उलटा, म्हणजे कडेची बॉर्डर अंगाला धरून राहते. मग दहा नंबरवर सरळ वीण. माथ्याशी आलं की बहात्तरचे आठ भाग, प्रत्येकात नऊ टाके. सात सुलट, दोन एकत्र. पुढच्या घटीला सहा सुलट, दोन एकत्र. असं उतरत उतरत शेवटी सुईवर आठ टाके उरतात. त्यांतून दोरा ओवायचा आणि आवळायचा. माथा बरोबर मिटला की जे वाटतं ते मला दुसऱ्या कुठल्या कामात वाटत नाही.

विहीणबाई: हे मात्र मला ठाऊक नव्हतं. मला सगळं एकसुरी वाटायचं.

(ज्यांनी सुया हाताळल्या नसतील त्यांच्यासाठी: आपल्याकडच्या सुयांचा नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होते. बाराची सुई दहाच्या सुईपेक्षा बारीक असते.)

मला विणकामात सगळ्यांत प्रिय आहे ते उसवणं, आणि ते मी विहीणबाईंना आवर्जून दाखवलं. कापडाला कात्री लागली की लागली. विणलेला स्वेटर मात्र एका टोकाला धरून ओढला की पुन्हा सगळी लोकर तुमच्या हातात. मूल वाढलं, स्वेटर आखूड झाला की तो उसवायचा. खुर्चीच्या पाठीभोवती लोकर गुंडाळून लड करायची, चार ठिकाणी सैल बांधायची म्हणजे गुंता होत नाही. मग कोमट पाण्यात भिजवून, खाली जरासं वजन लावून सावलीत टांगायची. टाक्यांची वळणं बरीचशी निघून जातात. त्यात नव्या रंगाचे पट्टे घालून पुढच्या मापाचा स्वेटर विणायचा. माझ्या लेकीच्या पहिल्या स्वेटरची लोकर तिच्या शाळेतल्या मफलरीत होती. एखादा टाका गळून खाली पाच-सहा ओळी घसरला, तरी सगळं उसवावं लागत नाही. क्रोशाची सुई त्या गळालेल्या टाक्यात घालायची आणि वरचा एकेक आडवा धागा त्यातून ओढत शिडी चढल्यासारखं वर यायचं. कुठं गळला होता ते मागाहून मलाही सापडत नाही.

विहीणबाई: तुमचा आनंद मला दिसतो, आणि माझा आक्षेप आनंदावर नाही. आनंद म्हटलं की हिशेब थांबतो, आक्षेप तिथं आहे. आंध्रात नरसापूरला क्रोशाची लेस करतात. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना ती शिकवली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर अभ्यास केला, १९८२ साली त्यांचं पुस्तक आलं. मी ते वर्गात शिकवायची. हजारो बायका घरात बसून दिवसाचे सहा-आठ तास लेस करत होत्या, माल परदेशी जात होता, व्यापारी मोठे होत होते. आणि या बायका कोण? तर गृहिणी. बसल्याबसल्या फावल्या वेळात करतात, असं घरचे म्हणायचे, व्यापारी म्हणायचे. त्यांना कामगार मानलंच नाही, मग मजुरीचं कोण विचारणार?

मी: ती लेस आता नावाजली आहे ना?

विहीणबाई: २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. पण जिच्या बोटांतून ती लेस निघते तिच्या तासाला काय मिळतं, ते मानांकनात लिहिलेलं नसतं.

मी: पण विहीणबाई, मी काही विकत नाही. मी देते.

विहीणबाई: तुम्ही विकत नाही, हे मला जास्त अवघड वाटतं. त्याच्याकडे मी येणार आहे.

त्या लगेच आल्या नाहीत, कारण मध्ये मी आईचा विषय काढला. सगळंच विणणं तासावर मोजता येतं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

मी: बासष्ट सालचं मला अंधुक आठवतं. चीननं हल्ला केला आणि देशभरातल्या बायका जवानांसाठी स्वेटर विणायला बसल्या. आमच्या यादोगोपाळ पेठेतही हिरवट खाकी लोकर आली होती. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले. जन्म देवराष्ट्र्यातला, वाढले कऱ्हाडात. त्यामुळं ते काम आमच्या गल्लीला आपल्या घरचंच वाटलं. आणि इथं फौजेतला माणूस कुणाच्या घरात नाही? जवळच्या अपशिंगे मिलिटरी गावचे पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले. आई म्हणायची, स्वेटर कुणाच्या अंगात जाईल ठाऊक नाही, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांत रुंद छातीच्या माणसाचं माप घ्यायचं. लहान झाला तर घालता येत नाही, मोठा झाला तर आत आणखी एक घालता येतो.

विहीणबाई: देवराष्ट्रे आता आमच्या जिल्ह्यात, बरं का. त्या स्वेटरांबद्दल मला आदर आहे. पण आपले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत हिमालयात उभे राहिले, ही जबाबदारी कुणाची होती? बायकांच्या सुयांनी ती झाकली गेली.

मी: झाकली नाही, जेवढी जमली तेवढी भरून काढली. चौकशी होईपर्यंत थंडी थांबत नाही.

विहीणबाई: हे खरं. विणताना विचारायची वेळ नव्हती. पण नंतर तरी विचारायला हवं होतं, आणि विणणाऱ्या बायकांनीच ते विचारायला हवं होतं. स्वेटर पोचला की आपलं काम संपलं, असं त्यांना वाटायला लावलं गेलं.

मी आईला हे कधी विचारलं नाही. पण तिच्या त्या मापाच्या युक्तीत मला नेहमी एक गोष्ट दिसते: न पाहिलेल्या माणसाच्या अंगाचा तिनं विचार केला होता. देणाऱ्यानं नेमकं तेच करायला हवं, आणि विहीणबाईंचा पुढचा मुद्दा तोच निघाला.

विहीणबाई: आता माझं ऐका. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ओसरायला लागल्यावर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून ट्रक आले. लोकांनी भरभरून दिलं, सांगली ते विसरणार नाही. पण त्यात जुन्या कपड्यांचे ढीग किती होते म्हणून सांगू! विटलेल्या साड्या, चेन गेलेल्या पँटी, एका पायाचे बूट. आम्ही पाच-सहाजणी निवारा केंद्रात ते निवडत बसायचो. गावभागातली एक बाई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, बाई, मला कोरडा परकर आणि पॅड पाहिजेत. त्या ढिगात नेमकं तेच नव्हतं. देणाऱ्याला जे द्यावंसं वाटलं ते आलं होतं. घेणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून प्रेमाची भेट म्हटलं की मी आधी विचारते, प्रेम कुणाचं आणि गरज कुणाची?

हा प्रश्न भेट विणणाऱ्या प्रत्येकीपुढे ठेवावा असा आहे. आपण रंग निवडतो आपल्या आवडीचा, नमुना निवडतो आपला हात दाखवणारा, आणि देताना वर सांगतो की किती दिवस लागले. घेणारी बिचारी ‘किती सुंदर!’ म्हणते. घरी गेल्यावर तिला कळतं की हे मशीनमध्ये धुता येत नाही, अंगाला टोचतं आणि टाकताही येत नाही. ती भेट तिच्या कपाटातली एक जबाबदारी होऊन बसते. विणण्यात कितीही जीव ओतला तरी असं होऊ शकतं. म्हणून मी तर म्हणेन, भेट विणायला घेण्याआधीचं विचारणं हे विणण्याइतकंच मोठं काम आहे.

मी: मी विचारते. बाळाचं करताना तर जास्तच. पायमोज्यांत आणि हातमोज्यांत जाळीची वीण घालत नाही, तान्ह्याचं बोट भोकात अडकतं. आतून एकही दोरा लोंबता ठेवत नाही. तो इवल्या बोटाला आवळला गेला तर रक्त थांबतं आणि मूल का रडतंय ते बराच वेळ कुणाला कळत नाही. गळ्याला नाडी नाही. बटण तोंडात जाण्याजोगं, म्हणून तेही नाही. अंगातलं पुढून उघडणारं, कारण डोक्यावरून घालताना मान सांभाळावी लागते.

विहीणबाई: आणि गोंडा?

मी: टोपीवर गोंडा मोठ्यांना आवडतो. बाळाला त्यावर डोकं टेकता येत नाही.

विहीणबाई: बरं. आता माझ्या घराचं विचारा. तुमच्याकडं डिसेंबरात अजिंक्यताऱ्यावरून वारं उतरतं, तिथं लोकर ठीक. बाळ सांगलीला येईल तेव्हा एप्रिल लागलेला असेल. पारा चाळिशीकडे निघालेला. तेव्हा अंगभर लोकर घातलेलं बाळ घामोळ्यांनी भरेल, तुमचा बाळंतविडा ट्रंकेत जाईल आणि माझ्या रुखवताचं झालं तेच पुन्हा होईल.

मी: मग दोन भाग करू. साताऱ्यातल्या दिवसांसाठी लोकर, सांगलीसाठी सुती दोरा. सुताला लोकरीसारखी लवचिकता नाही, बॉर्डर सैल पडते. सुई एक नंबर बारीक घेईन. बाह्या नकोत. आणि झोपवताना घरात टोपी घालू नका. बाळ डोक्यावाटे अंगातली उष्णता सोडतं, ती अडली तर अंग तापतं.

विहीणबाई: मग टोपी विणताच कशाला?

मी: पहिल्या दिवसांसाठी, आणि बाहेर नेताना. वजन २,५०० ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवतात, तेव्हा त्यांच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे असतात. दवाखान्यात टोप्या द्यायच्या होत्या तेव्हा तिथल्या परिचारिकेला मी विचारलं होतं, कशा हव्यात? ती म्हणाली, गरम पाण्यात धुता येतील अशा, पांढऱ्या नकोत, आणि लहान करा, तुम्ही सगळ्या मोठ्याच आणता. मी निम्म्या टाक्यांच्या जवळ आले तेव्हा तिचं समाधान झालं.

विहीणबाई: हे आवडलं मला. तिनं सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत.

बाळ जन्मायच्या आधी नवं काही आणू नये, अशी विहीणबाईंच्या सासूबाईंची रीत. पहिली झबली जुन्या, वापरून मऊ झालेल्या धोतराची. त्या रीतीला मी हात लावणार नाही. आजही तान्ह्याच्या कातडीला त्या जुन्या सुतासारखं दुसरं काही नाही. त्यामुळं मी फक्त टाके मोजून ठेवले. विणायला सुरुवात बाळाचा आवाज ऐकल्यावर.

लोकरीचा विषय निघाला तेव्हा विहीणबाईंनी माझ्या पिशवीतल्या गुंड्यावरची चिठ्ठी चष्मा लावून वाचली.

विहीणबाई: ही तर लुधियानाची. आणि यात लोकर कुठं आहे? शंभर टक्के अॅक्रिलिक. म्हणजे खनिज तेल. मेंढ्या आपल्या दारात, माणात, जतमध्ये, आटपाडीत, आणि लोकर मात्र पंजाबातून, तीही मेंढीची नाही!

मी: दख्खनी मेंढीची लोकर तुम्ही हातात घेतली आहे? ती जाड, राठ. तिचा बाळाचा स्वेटर होत नाही. तिची घोंगडीच व्हायची आणि तशी घोंगडी दुसऱ्या कशाचीच होत नाही.

इथं मला थांबून घोंगडीबद्दल लिहायलाच हवं, कारण आमच्या दोन्ही जिल्ह्यांचं खरं लोकरकाम ते आहे. काळी-करडी लोकर कातरायची, पिंजायची, सूत काढायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची म्हणजे दोरा ताठ होतो आणि मागावर तुटत नाही. माग जमिनीत खणलेल्या खड्ड्याचा. विणकर त्यात पाय सोडून बसतो. घोंगडी पावसात डोक्यावरून घेतली तर पाणी बराच वेळ आत येत नाही, आणि धनगराच्या वाड्यावर तीच अंथरूण, तीच पांघरूण, तीच देवापुढची बैठक. आज दख्खनी लोकरीला भाव नाही. कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून निघत नाही, असं मेंढपाळ सांगतात. जतकडची माडग्याळ मेंढी आता मांसासाठी पाळतात, तिच्या अंगावर लोकर थोडीच. ज्या हातांना सूत काढता येतं, खळ लावता येते, ते हात म्हातारे झाले. त्यांच्या मागे शिकणारं कुणी बसत नाही, कारण त्यात पोट भरत नाही. माझ्या सुया हौसेवर चालतात. तो खड्ड्यातला माग हौसेवर चालणार नाही.

विहीणबाई: आता तुम्हीच माझ्या मुद्द्यावर आलात. वि. स. पागे ठाऊक आहेत ना? विधान परिषदेचे सभापती. त्यांनी १९६५ साली आमच्या तासगाव तालुक्यात प्रयोग केला, काम मागेल त्याला काम. बाहत्तरच्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली, १९७७ साली कायदा झाला. पुढे देशानं ती उचलली. खडी फोडणाऱ्या बाईलाही ठरलेला दर असतो, हे आमच्या मातीतून निघालं. या कामाचा २०२५-२६ चा महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९. आता सांगा, बाळाचा स्वेटर, टोपी, पायमोजे, सगळं मिळून किती तास?

मी: नक्षी साधी ठेवली तर चोवीस तरी.

विहीणबाई: म्हणजे तीन दिवस. ९३६ रुपये. वर लोकर दीडशेची. बाजारात तसा सेट तीनशे-साडेतीनशेला मिळतो. दर चुकीचा आहे म्हणावं तर कारखान्याचा माल आहे. पण तोच दर हाताच्या कामाला लावला जातो आणि हातानं करणाऱ्या बायका तो मुकाट्यानं घेतात.

मी: आमच्या गल्लीत चौघीजणी एका दुकानासाठी टोप्या विणतात. लोकर त्याची. टोपीला साठ रुपये.

विहीणबाई: टोपीला पाच तास?

मी: साधारण. त्यांचा हात भरभर चालतो, चार म्हणा.

विहीणबाई: चार तासांचे १५६. मिळतात साठ. आता मघाशी राहिलेलं बोलते. तुम्ही ओळखीपाळखीत टोप्या वाटता. डोहाळजेवणाला तीन बायका तुम्हाला काय म्हणाल्या ते मी ऐकलं. ‘लोकर आणून देतो, आमच्यासाठीही करून द्या.’ लोकर त्यांची, हात तुमचे, आणि हातांचे पैसे? त्यांच्या मनातच आलं नाही. कारण तुमच्यासारख्या चांगल्या घरच्या, चांगल्या हाताच्या बायका हसतमुखानं फुकट करून देतात. त्या तिघी उद्या त्या चौघींकडे गेल्या तर साठसुद्धा जास्त म्हणतील.

हे बोलणं मला लागलं, आणि त्यावर मी बरेच दिवस विचार केला. ‘लोकर आणून देतो’ हे वाक्य विणणाऱ्या प्रत्येकीनं ऐकलेलं असतं. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. उलट खर्च आपण उचलतोय असं त्याला वाटतं. पण ज्या क्षणी ‘नाही’ म्हणायची सोय उरत नाही, त्या क्षणी माझा छंद माझा राहत नाही. विहीणबाईंची दहावीची सुट्टी गेली ती अशीच. सुई तीच, टाके तेच. फरक एवढाच की त्यांना नको म्हणता येत नव्हतं. मी नातवंडासाठी विणते तेव्हा मला कुणी मागितलेलं नाही, मी मोजते, विचारते, उसवते, पुन्हा घालते. त्याचे तास मी कुणाला मोजू देणार नाही. पण मागून घेतलेलं विणकाम ही भेट नव्हे. ते काम आहे, आणि कामाला दर असतो.

हे मी फोनवर त्यांना सांगितलं.

विहीणबाई: मग त्या तिघींना काय सांगणार?

मी: सांगितलं. मी करणार नाही, आमच्या गल्लीतल्या चौघी करतात, त्यांचा दर आहे. एक रागावली. दोघी त्यांच्याकडे गेल्या.

विहीणबाई: कुठल्या दरानं?

मी: टोपीला दीडशे, लोकर वेगळी. आधी त्या चौघीच तयार नव्हत्या. एवढं मागायचं? म्हणून लाजत होत्या. मी कागदावर तुमचा हिशेब मांडून दाखवला.

विहीणबाई: म्हसवडच्या बायकांचं सांगायचं त्यांना. सह्या येत नाहीत म्हणून बँकेचा परवाना नाकारला, तर त्या सही शिकून परत गेल्या, आणि म्हणाल्या, व्याजाचा कुठलाही हिशेब विचारा, आम्ही तोंडी करतो. सत्त्याण्णव साली माणदेशी बँक उभी राहिली. हिशेब बायकांना येतोच. मागायचा संकोच जायला हवा.

मी: घरच्या गिऱ्हाइकांचं ठीक आहे. दुकानदाराचं काय? चौघींनी मिळून शंभर सांगितले तरी तो म्हणतो, मग मी शनिवार पेठेतून करून घेतो. तिथं पन्नासात करतात.

विहीणबाई: शनिवार पेठेत कोण विणतं, ओळख आहे?

मी: दोघींना ओळखते. एकीला विणायला मीच शिकवलं.

विहीणबाई: मग उद्या तिच्याकडे जा. दर चार जणींचा नसतो, गावाचा असतो. आणि जाताना तो कागद न्या.